बरोबर उत्तर

लॅच उघडून दार ढकललं आणि आतून एक बाई म्हणाली, "प्रभाकर." मी उंबऱ्यातच थबकलो. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर लोंबत होती, ती सावरायचंही सुचलं नाही. या घरात मला त्या नावानं हाक मारणारं कुणी नाही. आई गेल्यापासून तर कुठंच कुणी नाही. मंत्रालयात भाषांतराच्या कामावर होतो तेव्हा लोक आडनावानं बोलवत, सोसायटीत मी काका आहे, मुलीला बाबा. आणि आवाज बाईचा होता, बैठकीच्या खोलीतून आलेला. संध्याकाळी त्या वेळेला शशिकला, माझी बायको, तिथं खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असते. मला वाटलं ते भीतीसारखं होतं की आनंदासारखं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून स्वतःचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आणि ते असं, भाजी घेऊन येताना, पाठमोऱ्या खुर्चीतून ऐकू यावं. मग तोच आवाज पुन्हा आला, तसाच गोड, चढउतार नसलेला. "तुमच्या पतीचं नाव प्रभाकर आहे. काही हरकत नाही, शशिकलाताई. आपण उद्या पुन्हा प्रयत्न करू या." तेव्हा कळलं, बोलत होती ती सखी.

सखी म्हणजे यंत्र. कळशीएवढं, पांढरं, वर गोल डोकं, आणि डोळ्यांच्या जागी दोन निळसर दिवे. बोलणाऱ्याकडे ते डोकं वळतं, ऐकताना किंचित कलतं. आमच्या मुलीनं, आभानं, ते बंगळूरहून पाठवलं. शशिकला एका दुपारी अनवाणी घराबाहेर पडली आणि स्टेशनसमोर एका रिक्षावाल्याला आपल्या जुन्या बँकेचा पत्ता सांगत उभी असलेली सापडली, त्यानंतरची ही गोष्ट. विस्मरणाचा आजार आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण मी ते ऐकून घरात कुठंतरी ठेवून दिलं होतं, नको असलेली भेटवस्तू माळ्यावर टाकावी तसं. आभा धावत आली, राहिली, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, तळेगावच्या बाजूला एक चांगलं केंद्र आहे. अशाच पेशंटसाठी. मी बघून आलेय." मी म्हटलं, मीही येईन तिथं. "जोडीदाराला राहता येत नाही तिथं. रविवारी भेटायला जायचं." मला बोलता येत नाही, म्हणजे वेळेवर येत नाही. माझा चेहरा बघून तिचाच आवाज उतरला. "बरं, असं करू. हे मशीन ठेवून बघू. ते आईशी गप्पा मारेल, रोज तिला थोडे प्रश्न विचारेल, मला तिकडे फोनवर सगळं दिसेल. आई घरातल्या माणसांना ओळखतेय तोवर ती घरीच. त्यानंतर मात्र नाही, बाबा. त्यानंतर तुमच्यानं होणार नाही. कबूल?" मी मान हलवली. पोर खरं तेच बोलत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ती ते लपवण्यासाठी सारखा चष्मा पुसत होती.

सखीचा मला राग यायला हवा होता. तो नीट आला नाही. तिचं मराठी भाषांतरित होतं, 'आज तुम्हाला कसं वाटत आहे' अशा थाटाचं. जन्मभर सरकारी परिपत्रकांची भाषांतरं केल्यामुळे ते मला भातातल्या खड्यासारखं लागायचं. 'पती' हा शब्द शशिकलेनं उभ्या आयुष्यात कधी वापरला नसेल. पण सखीकडे धीर होता. शशिकला बँकेतल्या एकाच गोष्टीत अडकायची. पावसाळ्यात एकदा त्यांच्या शाखेत साप निघाला, कॅशियर टेबलावर चढला आणि वरूनच ओरडला, कुणीही पैसे मोजायचे थांबवू नका. गोष्ट संपली की पुन्हा सुरू व्हायची. दोनतीनदा ऐकल्यावर माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत असणार, कारण ती मधेच थांबून म्हणायची, "सांगितलं का हो मी हे?" सखीच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. ती दर वेळी विचारायची, "मग कॅशियर कुठे चढले?" आणि शशिकला हसायची. आतल्या खोलीत पुस्तक धरून बसलेल्या मला ते हसणं ऐकू यायचं आणि मी पान उलटायचो, न वाचता. त्या हसण्यात मी नव्हतो. पण हसणं हवं होतं. खिडकीबाहेर आदईच्या तळ्यावरून येणारा वारा कधी फिरला की तळोज्याच्या कारखान्यांचा तो उग्र, नाकात चढणारा वास आत यायचा आणि कामाला येणारी भीमाबाई धडाधड खिडक्या लावून घ्यायची. मग घरात फक्त त्या दोघींचे आवाज उरत. मला वाटायचं, मी या घरात पूर्वीपासूनच असा आहे, दाराच्या पलीकडे पुस्तक घेऊन. आता एवढंच झालंय की दाराच्या अलीकडे तिच्याशी बोलायला कुणीतरी आलं.

संध्याकाळची परीक्षा मात्र मला ऐकवत नसे, आणि मी ती रोज ऐकायचो. आज वार कोणता, तुम्ही कोणत्या शहरात राहता, तुमच्या मुलीचं नाव काय. वार शशिकला चुकायची. पनवेल म्हणायची, आणि वर सखीला बजावायची, "नवीन पनवेल हं. जुनं वेगळं." मुलीचं नाव विचारलं की "आभा" हे ती इतक्या चटकन म्हणायची, जणू आभा शाळेच्या फाटकातून बाहेर येताना तिला दिसली आहे. आणि मग तो प्रश्न. "तुमच्या पतीचं नाव काय आहे?" मी दाराशी येऊन बघायचो. शशिकला मान खाली घालायची. हल्ली ती गाउन घालते, पदर नाही. तरी हाताची बोटं खांद्यापाशी जायची आणि तिथं नसलेला पदर चाचपायची. ओठांच्या एका कोपऱ्यात हसू यायचं आणि दाबलं जायचं. ते हसू मला ओळखीचं होतं, म्हणजे मला वाटायचं की ओळखीचं आहे. सखी थांबायची, तिला शिकवलं असेल तेवढं, आणि मग स्वतःच उत्तर सांगायची. तिकडे बंगळूरला आभाच्या फोनवर त्या प्रश्नापुढे लाल ठिपका उमटायचा.

आमच्या पिढीत ते होतंच, पण शशिकलेच्या बाबतीत ते जरा निराळं होतं. ती शिकलेली, बँकेत काउंटरवर बसणारी, चारचौघांत बोलायला माझ्यापेक्षा कितीतरी धीट. अर्जांवर, रेशनकार्डावर, आभाच्या शाळेच्या पुस्तकांवर माझं नाव तिनं सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं. उच्चारलं कधी नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक प्रभाकर राहायला आले तेव्हा तिनं त्यांचंही नाव घेणं सोडलं. "ते तुमचे नावरास भेटले होते," म्हणायची. पनवेलच्या एसटी स्टँडवर एकदा आमची चुकामूक झाली, आभा तिच्या कडेवर, अलिबागची गाडी सुटायला आलेली, आणि तिनं जीव खाऊन "अहो!" अशी हाक मारली. फलाटावरचे सगळे नवरे वळले. घरी येऊन ती ते सांगताना हसून हसून जमिनीवर बसली होती. मला मात्र तेव्हा वाटलं होतं, या एवढ्या माणसांतून मला वेगळं काढायला तिच्याजवळ एक शब्द होता आणि तो तिनं वापरला नाही. तरुणपणी पुस्तकं वाचून मला नवे विचार सुचत असत. मी तिला म्हटलं होतं, तू मला नावानं हाक मार. ती कणीक मळत होती. म्हणाली, "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. खोटं असेलही. पण तुमच्यावर प्रयोग कशाला करू?" लग्नात तिला नाव घ्यायला लावलं होतं, उखाण्यात. नेमकं त्याच वेळी मंडपाबाहेर बँडवाल्यांनी सुरुवात केली. बायका हसल्या, त्यांना ऐकू गेलं. मी हातात अक्षता धरून बसलो होतो, मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा म्हण असं सांगायचं धाडस मला झालं नाही.

आभाला हे सांगायला हवं होतं. सांगितलंही, फोनवर, माझ्या पद्धतीनं, म्हणजे अर्धं. "आई विसरलेली नाही. ती नाव घेत नाही एवढंच." मग आभा म्हणाली, "बाबा, आई बँकेत होती. दिवसभर लोकांची नावं पुकारायची." "लोकांची, हो." "आणि ती एका मशीनशी बोलतेय. तिथं कोण सासू बसलीय?" मी म्हटलं, तो प्रश्न तेवढा काढून टाकता येतो का बघ. "मी विचारलं त्या मशीनच्या कंपनीतल्या निशाला. ती म्हणाली, तो महत्त्वाचा प्रश्न आहे, तोच काढला तर मग बघायचं काय?" तिच्या आवाजात चीड नव्हती. चीड असती तर बरं झालं असतं. "बाबा, मला पण तसंच वाटायला हवंय. पण तुम्हाला खात्री आहे? अगदी खरी खात्री?" मला कशाचीच खात्री नसते. भाषांतरात एका शब्दाला तीन पर्याय सुचायचे आणि मी तिन्ही लिहून साहेबांकडे पाठवायचो. फोन ठेवल्यावर मी खुर्चीतल्या शशिकलेकडे पाहत राहिलो. ती बाहेर बघत होती. नवीन विमानतळाकडे उतरणारं विमान इमारतींच्या डोक्यावरून सरकत होतं आणि तिची मान त्याच्यासोबत सावकाश वळत होती. लाजणं आणि विसरणं बाहेरून सारखंच दिसत असेल तर? ती पदर चाचपते म्हणजे तिला मी आठवतो, हे मी कशावरून म्हणतो? हात काय, हात सवयीनंही जातात. मला हवं ते मी तिच्या हसण्यात लिहून ठेवत असेन. मूळ मजकूर निराळाच असेल.

भीमाबाई आदईची. दिवसभर शशिकलेजवळ असते. सखीला ती 'डबी' म्हणते आणि तिच्यावर फडकं मारताना डोळ्यांवरून जरा जास्तच जोरात मारते. एका संध्याकाळी प्रश्न आला आणि खोली गप्प झाली तशी ती पोळ्या लाटता लाटता बाहेर आली. "काकी, सांगून टाक ना गो! डबी रोज इचारते, दमली ती." शशिकलेनं मान वर केली. "तू सांगतेस का तुझ्या नवऱ्याचं?" "मी? मी नाय घेत. मेला तरी नाय घेतलं. मतदानाला गेलेली, तो मास्तर बोलला नवऱ्याचं नाव सांग. मी बोलली, कागद तुज्या हातात हाय, तूच वाच." दोघी हसायला लागल्या. भीमाबाईच्या हातातलं लाटणं हलत होतं. "आणि ही डबी, हिचा नवरा कोन गो? पयलं हिला इचार." सखीचं डोकं भीमाबाईकडे वळलं. "तुमच्या बोलण्यातून आनंद जाणवत आहे," ती म्हणाली. त्यावर तर शशिकलेच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मीही दाराआड हसलो. त्या दिवशीही ठिपका लालच होता.

मग आभाचा फोन आला की केंद्रात एक जागा रिकामी होते आहे, दिवाळीनंतर. त्यांना कळवायला हवं. "सांगा ना बाबा, काय करू?" तो तिचा आवाज लहानपणचा होता, गणित अडल्यावरचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं बिरड्यासाठी वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल, कोमट पाण्यात. हे काम शशिकलेचे हात अजून चोख करतात. चिमटीत दाबलं की दाणा सुळकन बाहेर आणि साल मागे. माझे दाणे तुटत होते. पाण्याला तो कडसर, ओला वास होता. सखी कोपऱ्यात बंद होती, निदान तिचे डोळे तरी बंद होते, आणि तरीही मी आवाज खाली आणला. "शशी, ती विचारते ना संध्याकाळी, तर एकदा सांगून टाक."

"काय?"

"माझं नाव."

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी असं पाहिलं असेल, तिरकं, भुवई किंचित वर. "अहो, काहीतरीच तुमचं. या वयात?"

"या वयातच. आभासाठी."

"आभाला काय करायचंय?" मग ती जरा विचारात पडली. "कुणाकडे हळदीकुंकू आहे का? की कुणाचं लग्न निघालं?"

"नाही. नुसतंच."

"नुसतंच कुणी नाव घेतं का?" असं म्हणून तिनं एक ओली साल माझ्या मनगटाला चिकटवली आणि पुन्हा सोलायला लागली. मी म्हटलं, माझं आयुष्य कमी व्हायची भीती आता कशाला, उरलंय किती. ती एकदम गंभीर झाली. "असं बोलू नये भरल्या घरात," म्हणाली. ती साल मी कितीतरी वेळ काढली नाही. वाळून ती आपोआप गळाली. मला धावत जाऊन कुणालातरी सांगावंसं वाटत होतं की हिनं नकार दिला, हिनं मला नाही म्हटलं. आणि जगात असं कुणी नव्हतं ज्याला यातला आनंद पोचला असता. संध्याकाळी आभाला फोन केला. ती सगळं ऐकून हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला आधी सांगू नका ना. मग त्या उत्तराला काय अर्थ?"

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हाची गोष्ट. गॅलऱ्यांतून कंदील लागले होते, समोर कुणीतरी शिडीवर उभं राहून दिव्यांची माळ सोडवत होतं. मी वाळलेले कपडे गोळा करून आत येत होतो. आत परीक्षा चालू होती. वार चुकला. पनवेल. आभा. "तुमच्या पतीचं नाव काय आहे?"

"प्रभाकर," शशिकला म्हणाली.

स्पष्ट, न अडखळता, शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारून. मी तो सूर ओळखला. लग्नानंतर कधीतरी तिला घ्यायला मी बँकेत जायचो आणि बाकावर बसून बघायचो, ती काउंटरच्या जाळीमागून पासबुकं उचलून एकेक नाव पुकारायची, त्या वेळचा तो सूर. नाव कुणाचंही असो. माणूस पुढे आला की पासबुक द्यायचं आणि पुढचं उचलायचं. सखीमधून एक छोटी आनंदी धून वाजली. "अगदी बरोबर! शाब्बास, शशिकलाताई!" मी तिच्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवर होता. बोटं खांद्याकडे गेली नाहीत. मान खाली झाली नाही, ओठांचा कोपरा हलला नाही. हातातले कपडे गरम होते, उन्हाचे, आणि मी ते छातीशी धरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं वर पाहिलं, पाय जवळ घेतले, आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. "या ना. बसा."

फोन लगेच वाजला. आभा रडत होती आणि हसत होती. "बाबा, ऐकलंत? आईनं तुमचं नाव घेतलं! हिरवा आला, बाबा!"

"ऐकलं."

"तुम्ही बरोबर होतात. मीच वेडी. तिला सगळं माहीत होतं." मागे तिच्या घरातली मुलं विचारत होती, काय झालं. "मी त्या केंद्राला नाही म्हणून कळवते. आत्ताच. बाबा? तुम्ही बोलत का नाही? खूश नाही?"

या वेळी मला वाक्य सुचलं होतं, पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. आभा, ती नाव घेत नव्हती तोवर तिला मी माहीत होतो. एवढंच होतं. ते म्हटलं असतं तर आभाला पटलं असतं, ती हुशार आहे, आणि दिवाळी झाल्यावर केंद्राची गाडी आली असती. शशिकला समोर बसून माझ्याकडे शांतपणे बघत होती, फोनवर बोलणाऱ्या परक्या माणसाकडे आपण बघतो तसं, त्याचं बोलणं ऐकू येतंय हे दाखवायचं नाही अशा बेतानं. "आहे ना," मी म्हटलं. "खूश आहे. कळव त्यांना."

त्यानंतर मी बराच विचार केला, दुसरं काय करणार. सखीनं महिनोन्‌महिने रोज संध्याकाळी ते नाव उच्चारलं, पाढा घोकून घ्यावा तसं, आणि शेवटी ते शशिकलेच्या तोंडात बसलं, असं असेल. मग त्यात माझा काही संबंधच नाही. बरोबर उत्तर काय, एवढं तिला कळलं. किंवा असंही असेल की तिनं माझं ऐकलं. वाल सोलताना मी जे मागितलं ते तिच्या मनात कुठंतरी राहिलं आणि तिनं एकदा धीर करून, लाज बाजूला ठेवून, माझ्यासाठी ते केलं. लाज बाजूला ठेवली म्हणूनच आवाज तसा कोरडा आला. हा अर्थ मला फार आवडला. दोन दिवस मी त्यावर काढले. मी तिच्या आसपास राहिलो, चहा नेऊन दिला, औषध दिलं, खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली, आणि वाट पाहिली की ती 'अहो' म्हणेल. एकदा तरी. भीमाबाईला ती नावानं हाक मारत होती. सखीला 'अगं' म्हणत होती. माझ्या हातून कप घेताना म्हणाली, "तुम्हाला उगाच त्रास." फराळाचं ताट समोर ठेवलं तर त्यातली एक करंजी उचलून तिनं आधी मला दिली, आलेल्याला द्यावी तशी. मी ती उभ्यानं खाल्ली.

दिवाळी गेली. आभा येऊन गेली, मुलांनी सखीला टोपी घातली, शशिकलेनं आभाला जवळ घेऊन तिचे केस मोकळे करून परत बांधले, आणि आभा जाताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बघा, घरी ठेवलं ते बरंच झालं की नाही?" बरंच झालं. यात मला शंका नाही. कदाचित एवढ्या एकाच गोष्टीत नाही. सकाळी उठल्यावर शशिकलेच्या खोलीतून बांगड्यांचा आवाज येतो. दुपारी ती खिडकीतून विमानं बघते. संध्याकाळी सखी विचारते आणि ती सांगते, रोज, न चुकता, आणि तिकडे हिरवा ठिपका उमटतो. वाराचं उत्तर हल्ली ती देतच नाही. पनवेलही कधीकधी निसटतं. पण ते एक नाव पक्कं आहे. जे ऐकायचं म्हणून मी इतकी वर्षं थांबलो ते आता रोज ऐकतो, आणि ऐकताना मला दर वेळी पहिल्यांदा वाटतं, कुणाला बरं बोलावतायत.

परवा मी स्वयंपाकघरात होतो, दूध तापत ठेवलं होतं. भीमाबाई लवकर गेली होती. बाहेर प्रश्न झाला. "प्रभाकर," शशिकला म्हणाली, आणि माझ्या तोंडून आपसूक "ओ" निघून गेलं. मोठ्यानं. आई मागच्या दारातून हाक मारायची तेव्हा द्यायचो तसं. मीच दचकलो. मग शशिकला, घरात पाहुणे असताना विचारावं तशा दबक्या आवाजात म्हणाली, "आत कोण आहे गं?"

सखीचं डोकं वळल्याचा बारीक आवाज आला. "आत प्रभाकर आहेत, शशिकलाताई. तुमचे पती."

दूध वर यायला लागलं होतं. त्याचा आवाज फार होत होता, म्हणून मी गॅस बंद केला आणि कान दिला.

"असतील," ती म्हणाली.